गंधवह : एका इंग्रजी शब्दाच्या निमित्तानें



माघ संपून फाल्गुन लागला, म्हणजे हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूरच्या आसपासच्या शिवारांत हळद शिजविण्याची घाई सुरू होते. उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेलें पीक आठ-नऊ महिन्यांनीं तयार झालेलें असतें. पानें वाळतात, तीं कापलीं जातात, कंद खणून काढले जातात आणि गड्डे व हळकुंडें निरनिराळीं करून तीं शिजविलीं जातात. पूर्वीं हें काम मोठ्या कढईंत, चुलवणाच्या जाळावर होई. आतां पुष्कळ ठिकाणीं वाफेवर शिजविण्याचीं पिंपें आलीं आहेत. कढई असो वा पिंप असो, झांकण उघडतांच जी वाफ उठते तिच्याबरोबर एक ऊन, मातकट, किंचित् कापरासारखा वास निघतो, आणि वाऱ्याचा रोंख असेल त्या दिशेस तो चालूं लागतो. नांदेडहून हिंगोलीकडे मोटारीनें जाणारा उतारू अशा वेळीं बाळापूरच्या शिवेजवळ आला, तर कढई दृष्टीस पडण्यापूर्वींच त्याला हळद कळते. डोळ्यांच्या आधीं नाकास बातमी मिळते.

एका ठिकाणीं निघालेला वास वाऱ्याबरोबर दुसरीकडे असलेल्या माणसाच्या नाकापर्यंत येऊन पोंचतो, या साध्या घटनेसाठीं इंग्रजी भाषेंत एक लहानसा शब्द आहे. तो शब्द ‘वॉफ्ट’. इंग्रजी कादंबऱ्यांत, वर्तमानपत्रांत, पाककृतींच्या पुस्तकांत तो वरचेवर भेटतो. विद्यार्थी कोश उघडतो, त्याला बहुधा ‘दरवळणें’ असा किंवा त्यासारखा अर्थ मिळतो, तो वहींत उतरून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. काम संपलें असें त्याला वाटतें. वास्तविक तें तेथें सुरू व्हावयास पाहिजे. कारण ‘वॉफ्ट’ आणि ‘दरवळणें’ हे शब्द शेजारीं राहाणारे असले, तरी एका घरांतले नव्हत. या दोहोंमधील अंतर कोणतें, व तें कळल्यानें मराठी माणसाचा लाभ कोणता, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम उच्चाराविषयीं. इंग्लंडांत ‘वॉफ्ट’ असा आखूड उच्चार अधिक ऐकूं येतो. कोणी ‘वाफ्ट’ असाही लांबवितात. हा दुसरा उच्चार कानावर पडला कीं मराठी माणसाला ‘वाफ’ आठवते. वाफ वर जाते, वास बरोबर नेते. तेव्हां दोन्ही शब्द एका कुळांतले असावेत असा मोह पडतो. हळदीच्या कढईपाशीं उभ्या असलेल्या मुलाला तर याहून पटणारी व्युत्पत्ति सुचणार नाहीं. परंतु ती खरी नाहीं. मराठी ‘वाफ’ हा शब्द संस्कृत ‘बाष्प’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें आला. इंग्रजी शब्दाचें माहेर निराळें आहे, आणि तें समुद्रावर आहे. नुसत्या ध्वनीच्या साम्यावरून नातें जोडूं नये, हा व्युत्पत्तीचा पहिला धडा येथें अनायासें मिळतो.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या किनाऱ्यानें जाणारीं व्यापारी गलबतें आणि मासेमारीचे तांडे शत्रूच्या व चांच्यांच्या भीतीमुळें एकटे जात नसत. त्यांच्या सोबतीला शस्त्रें बाळगणारीं जहाजें असत. अशा राखणदार जहाजास ‘वॉफ्टर’ म्हणत. हें नांव डच किंवा उत्तर जर्मनीच्या जुन्या बोलींतील ‘वाख्टर’ म्हणजे पहारेकरी या शब्दावरून आलें. इंग्रजींतील ‘वेक’ म्हणजे जागें होणें आणि ‘वॉच’ म्हणजे पहारा करणें हे शब्दही त्याच कुळांतले आहेत. मधला घशांतला ध्वनि इंग्रजी तोंडांत ‘फ’ झाला. ‘लाफ’ आणि ‘रफ’ या शब्दांच्या शेवटीं जी दोन अक्षरें लिहावीं लागतात व ज्यांचा उच्चार मात्र ‘फ’ होतो, तीं अशाच एका जुन्या घर्षणध्वनीची खूण आहेत. पुढें वॉफ्टर जें काम करतो तें ‘वॉफ्ट’, असें क्रियापद नामावरून मागाहून पाडलें गेलें. त्याचा मूळ अर्थ एवढाच, कीं सोबत करून, राखण करीत, पाण्यावरून सुखरूप पोंचविणें.

शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरील नाटकाच्या दुसऱ्या भागांत सफोक हा सरदार समुद्रावर शत्रूच्या तावडींत सांपडतो, तेव्हां आपणांस खाडीपलीकडे सुखरूप पोंचवावें असें बजावतांना तो हेंच क्रियापद वापरतो. तेथें फुलाचा किंवा अत्तराचा कांहींएक संबंध नाहीं. जहाज आहे आणि माणूस आहे. १७१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘एलोइसा टू अबेलार्ड’ या पोपच्या काव्यांत या क्रियापदाच्या पाठीवर माणूस नाहीं, उसासा आहे. अशा रीतीनें शब्दाचें ओझें शतकाशतकागणिक हलकें होत गेलें. प्रथम गलबतांचा तांडा, मग एकटा माणूस, मग उसासा, गाण्याचा सूर, धूर आणि वास. पाण्याच्या जागीं हवा आली, राखणदार जहाजाच्या जागीं वारा आला. मात्र मूळ कल्पना सुटली नाहीं. कोणी तरी कोणाला तरी अलगद वाहून नेत आहे, ही ती कल्पना.

हीच या शब्दाच्या उपयोगाची किल्ली होय. ज्या वाक्यांत ‘वॉफ्ट’ येतो त्यांत तीन गोष्टी उघड किंवा गर्भित असतात. वास कोठून निघाला, त्याला कोण घेऊन आलें आणि तो कोणापर्यंत पोंचला. वारा कर्ता करून म्हणतां येतें, कीं झुळुकेनें मोगऱ्याचा वास ओसरीवर आणला. वास कर्ता करूनही म्हणतां येतें, कीं मोगऱ्याचा वास ओसरीवर आला. त्या वेळीं वारा वाक्यांत दिसत नाहीं, पण क्रियापदाच्या पोटांत तो असतोच. नाम म्हणून योजला तर ‘एक वॉफ्ट’ म्हणजे वासाची एक झुळूक, एक लहर. आली आणि गेली. वासाखेरीज दूरचें गाणें, चुलीचा धूर, सांवरीचा कापूस, वाळलेलें पान यांच्या बाबतींतही हा शब्द चालतो. लगबग न करतां, जणूं जमिनीस पाय न लावतां कोणी खोलींत तरंगत आला, तर त्याच्याविषयींही इंग्रज थोड्या थट्टेनें हाच शब्द वापरतो.

कोठें चालत नाहीं, तेंही ध्यानांत ठेवावें. सोसाट्याचा वारा जें उडवितो त्याला हा शब्द लागत नाहीं. त्यांत अलगदपणा नाहीं. कोंडलेल्या खोलींत भरून राहिलेल्या वासालाही तो नीटसा लागत नाहीं. कारण तो वास कोठून कोठें जात नाहीं, तो जागचा हलत नाहीं. मात्र वास चांगलाच असला पाहिजे अशी या शब्दाची अट नाहीं. फुलांबरोबर तो बहुधा येतो म्हणून तसा समज होतो. पण उकिरड्यावरून आलेल्या झुळुकेलाही इंग्रजींत हें क्रियापद खुशाल लावतात. तें हालचाल सांगतें. निवाडा देत नाहीं.

येथेंच ‘दरवळणें’ वेगळें पडतें. मराठींत जें दरवळतें तें चांगलेंच असलें पाहिजे. केवडा दरवळतो, धूप दरवळतो, लग्नघरांत अत्तर दरवळतें. गटार दरवळलें असें कोणी म्हटलें, तर तो उपरोध समजावा. दुसरें, दरवळण्यांत व्यापून टाकणें आहे. दरवळ सगळ्या अंगणाचा असतो. वॉफ्ट एका झुळुकेचा असतो. तिसरें, दरवळणारा स्वतः दरवळतो. त्याला नेणारा कोणी लागत नाहीं. ‘घमघमणें’ हें तर याच्याही पुढचें. त्यांत वासाचें प्रमाण वाढतें, प्रवास मात्र नाहींसा होतो. म्हणून दिवसभर उपाशी चाललेल्या वाटसरूला दूरच्या झोंपडींतून भाजत्या भाकरीचा वास क्षणभर येतो व नाहींसा होतो, अशा इंग्रजी वाक्याचें भाषांतर ‘भाकरीचा सुगंध दरवळला’ असें केलें, तर मूळचें दुःख सगळें निघून जातें. तेथें ‘भाजत्या भाकरीचा वास झुळुकेसरशी आला नि गेला’ असेंच म्हटलें पाहिजे. त्या वाटसरूच्या वांट्याला दरवळ नव्हता.

वासाच्या हालचालीविषयीं शास्त्र काय सांगतें, तें पाहिलें म्हणजे इंग्रजी शब्दांतील कल्पना किती नेमकी आहे हें दिसून येतें. वास म्हणजे पदार्थापासून सुटलेले अतिसूक्ष्म कण. ते हवेच्या कणांवर आदळत, वांकडीतिकडी वाट काढीत पसरतात. पण हवा अगदीं स्तब्ध असेल तर या पसरण्याची गति फारच मंद असते. एका खोलीच्या टोंकापासून दुसऱ्या टोंकास जावयास त्यांना तासच्या तास लागावेत. प्रत्यक्षांत फोडणीचा वास क्षणांत माजघरांत येतो, तो स्वतःच्या पायांनीं येत नाहीं. हवेचे प्रवाह त्याला आणतात. हे प्रवाहही सरळ नसतात. वास अखंड पट्ट्यासारखा न येतां तुटक तुटक पुंजक्यांनीं येतो. एक पुंजका नाकाशीं येतो, मग मोकळी हवा, मग पुन्हा पुंजका. दिव्याकडे न जातां फुलाकडे जाणारा पतंग हेच पुंजके हुडकीत वाऱ्याच्या उलट उडत जातो. दुपारीं तापलेली हवा वर चढते व वास आपल्याबरोबर वर नेते; संध्याकाळीं जमीन निवली म्हणजे गार हवा खालींच बसते, आणि धूर व वास जमिनीलगत लांबवर पसरतात. एकाच शेतांतल्या कढईचा वास दुपारीं शेजारच्या बांधावर कळूं नये व दिवेलागणीस गांवांतल्या ओसरीवर कळावा, याचें कारण हें आहे.

मग मराठीला या गोष्टीची जाण नाहीं काय? जाण पुष्कळ जुनी आहे. ती मात्र निराळ्या जागीं ठेवलेली आहे. अमरकोशांत वायूचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत ‘गंधवह’ आणि ‘गंधवाह’ हीं दोन आहेत. गंध वाहून नेणारा तो वारा. इंग्रजांनीं जें क्रियापदांत सांगितलें तें संस्कृतानें नामांत सांगितलें. मौज अशी, कीं त्याच कोशांत नाकालाही ‘गंधवहा’ असें नांव आहे. वारा गंध दारापर्यंत आणतो, नाक तो घरांत घेतें; दोघांचें काम एक, म्हणून नांवही एक. वासांचे प्रकार सांगतांना अमरकोशानें चोळल्यावर निघणारा मनोहर गंध तो ‘परिमल’ आणि फार दूरवर पसरणारा तो ‘आमोद’ असा भेद केला आहे. पुढें आमोद शब्दाचा आनंद हा अर्थच मराठींत उरला. दूर जाणाऱ्या वासाची गोष्ट विसरली गेली. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकांत, जीव देह सोडून जातांना इंद्रियांना कसा बरोबर घेऊन जातो हें सांगण्यासाठीं, वारा फुलांतून गंध घेऊन जातो हाच दृष्टान्त दिलेला आहे.

मराठीनें आपला खर्च दुसरीकडे केला. वास कसा जातो यापेक्षां तो कसा आहे, हें सांगण्यांत तिची संपत्ति आहे. जुन्या तेलाचा वास खवट, बंद खोलीचा कोंदट, ओल्या कपड्यांचा कुबट, नासलेल्या दुधाचा आंबूस, तळाशीं लागलेल्या भाताचा करपट, कुजलेल्या पानांचा कुजट, पहिल्या वाफेंतल्या कच्च्या भाजीचा हिरवट, भाजलेल्या डाळीचा खमंग. मिरचीची फोडणी दिली कीं जी नाकाला झोंबते ती खाट, घामाचा दर्प, दारूचा भपकारा. इंग्रजींत यांतील पुष्कळ शब्दांसाठीं दोन-दोन तीन-तीन शब्द एकत्र जोडावे लागतात. मराठवाड्याचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळें या भागांतील जुन्या पिढीच्या तोंडीं ‘खुशबू’ हा शब्दही सहज येई. आणि ज्याचा मागमूसही नाहीं त्याची ‘गंधवार्ता’ नाहीं असें मराठी माणूस म्हणतो. वास ही एक बातमी आहे, ती कोठून तरी येते व कोणास तरी मिळते, ही वॉफ्ट शब्दांतील सगळी कल्पना या एका मराठी शब्दांत आहे. गुपित फुटण्याची कुणकुण लागली तर मराठींत ‘वास लागला’ म्हणतात; इंग्रजींत अशा वेळीं बातमीचा ‘वारा’ मिळाला म्हणतात. एकानें माल पाहिला, दुसऱ्यानें वाहन पाहिलें.

तेव्हां ‘वॉफ्ट’साठीं मराठींत एक ठराविक प्रतिशब्द शोधीत बसण्याचें कारण नाहीं. मराठींत हें काम दोन साध्या शब्दांवर सोंपवितां येतें. एक ‘येणें’ आणि दुसरा ‘झुळूक’. ‘वास सुटला’ म्हटलें म्हणजे निघण्याचें ठिकाण कळतें. ‘वास आला’ म्हटलें म्हणजे पोंचण्याचें ठिकाण कळतें. ‘वाऱ्यावरून आला’, ‘झुळुकेसरशी आला’ म्हटलें म्हणजे वाहणारा कळतो. वाक्यांत कोणती गोष्ट महत्त्वाची आहे तें पाहून शब्द निवडावा. सगळें अंगण भरून गेलें असेल तेव्हांच दरवळूं द्यावें.

ही कसोटी आतां आखाडा बाळापूरच्या हळदीलाच लावून पाहावी. हिंगोली हा जिल्हा परभणीपासून निराळा होऊन १ मे १९९९ रोजीं अस्तित्वांत आला. कळमनुरी तालुक्यांतील बाळापूर ही त्यांतील एक मोठी बाजाराची जागा. याच जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नांवाच्या द्रव्यामुळें असतो. सुक्या हळदींत तें साधारण २ ते ५ टक्के भरतें. परंतु कर्क्युमिन सहसा उडून जात नाहीं, म्हणून वाऱ्यावरून येणाऱ्या वासांत त्याचा भाग नाहीं. वास येतो तो हळदींतील उडून जाणाऱ्या तेलाचा. टर्मरोन नांवाचीं द्रव्यें त्यांत मुख्य असतात. म्हणजे बाजारांत जिची किंमत डोळा करतो ती गोष्ट शेतांतच राहाते, आणि जी फुकट आहे ती वाऱ्याबरोबर गांवांत येते. शिजलेली हळद पुढें दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळते. त्या दिवसांत तिचा वास पालटतो. ऊन, ओलसर मातकटपणा जातो व कोरडा, मसाल्यासारखा वास येऊं लागतो. ज्याच्या घरीं हळद आहे तो शेतकरी हळकुंड मोडून पाहतो, पण त्याआधीं त्याच्या नाकानें पुष्कळसें ठरविलेलें असतें.

या वासाला ‘दरवळ’ म्हणावें काय? शहरांतील पाहुणा कदाचित् म्हणेल. रात्रभर जाळापाशीं बसून ज्याचे डोळे धुरानें लाल झाले आहेत, तो म्हणणार नाहीं. त्याला तो वास उग्र वाटतो, अंगाला व कपड्यांना चिकटलेला वाटतो. आणि मैलावरच्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला तोच वास एखाद्या झुळुकेबरोबर येतो तेव्हां तो नुसतें एवढेंच कळवितो, कीं अमक्याच्या शेतांत हळद लागली. एकाच वासाला तीन ठिकाणीं तीन क्रियापदें लागतात. तिसऱ्या ठिकाणचें क्रियापद तें ‘वॉफ्ट’. इंग्रजीचा धडा शिकविणारानें गुलाबाच्या बागेचें उदाहरण देण्याऐवजीं हें दिलें, तर बाळापूरच्या मुलाला शब्द पुन्हा पाठ करावा लागणार नाहीं.

दुसरें उदाहरण मृगाच्या पावसाचें. पहिल्या सरीनंतर काळ्या जमिनीचा जो वास येतो त्याला इंग्रजींत फार दिवस स्वतंत्र नांव नव्हतें. १९६४ सालीं इझाबेल जॉय बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं त्याला ‘पेट्रिकॉर’ असें नांव दिलें. कोरड्या दिवसांत मातीवर व दगडांवर सांचलेलीं कांहीं तेलें आणि जमिनींतील सूक्ष्म जीवांपासून होणारें जिओस्मिन हें द्रव्य यांचा तो वास होय. उत्तर हिंदुस्थानांत कनोजचे अत्तारी मातीचें अत्तर काढीत आले आहेत, तें याच वासाचें. पण वास मातींतून हवेंत जातो कसा? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनीं २०१५ सालीं अतिवेगवान् कॅमेऱ्यानें पडत्या थेंबांचीं चित्रें घेतलीं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळतांच त्याच्या तळाशीं हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर चढून फुटतात व सूक्ष्म तुषार हवेंत उडवितात. पुढचें काम वाऱ्याचें. म्हणून दोन कोसांवर पाऊस पडत असतांना, येथें एकही थेंब पडला नसतांना, शेतकरी मान वर करून म्हणतो, कीं पाऊस आला. तो पाण्याचा वास नसतो. पुढें पाठविलेला निरोप असतो.

शब्दाचा मूळ अर्थ पहारेकरी असा होता हें वर सांगितलें. आधुनिक घरांत तो अर्थ पुन्हा जिवंत झाला आहे. शाळेच्या रसायनशाळेंत विद्यार्थ्याला पहिला नियम सांगतात, कीं परीक्षानळी नाकाशीं धरून हुंगूं नये. नळी दूर धरावी आणि तोंडावरून हात हळूच हलवून थोडी हवा आपल्याकडे आणावी. इंग्रजी पुस्तकांत या कृतीला ‘वॉफ्टिंग’ असेंच म्हणतात. येथें हातच गंधवह होतो. अमोनिया किंवा क्लोरीन असेल तर या एका संवयीमुळें नाक व फुप्फुसें वांचतात. मराठींत ही सूचना देतांना ‘दरवळवा’ असें सांगून कसें चालेल? ‘हातानें वारा घालून वास बेतानें आपल्याकडे घ्यावा’ असें सांगितलें म्हणजे मुलगा तें तत्काळ करून दाखवितो.

स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट याहून गंभीर आहे. त्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणून त्यांत इथाईल मर्कॅप्टन नांवाचें अत्यंत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा पगारी पहारेकरी होय. गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें तो तरंगत वर न जातां जमिनीलगत पसरतो. तेव्हां उभ्या माणसाला वास पुसट येतो व खालीं पाटावर बसलेल्या माणसाला अधिक येतो. असा वास आला तर विजेचें बटण दाबूं नये, चालू असलेलें बंदही करूं नये. शेगडी आणि नळकांड्यावरील रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या. घरांतील एखाद्या म्हाताऱ्या माणसानें किंवा लहान मुलानें ‘कसला तरी वास येतो आहे’ असें म्हटलें, तर ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर देण्यापूर्वीं उठून पाहावें.

कारण सर्वांचें नाक सर्व काळ शाबूत असतेंच असें नाहीं. वय वाढतें तसतशी घ्राणशक्ति मंदावते. २०२० आणि २०२१ या वर्षांत करोनाच्या सांथींत असंख्य लोकांचा वास कांहीं दिवस, कांहींचा कांहीं महिने गेला. दूध उतूं गेलेलें कळेना, भात करपलेला कळेना, जेवणांत चव राहिना. डब्यांतील हिंग उघडून हुंगावा आणि तो पांढऱ्या मातीसारखा वाटावा, असा अनुभव घरोघर आला. तोंवर ज्यांनीं वासाचा कधीं विचार केला नव्हता, त्यांना गेलेल्या वासानें त्याची किंमत सांगितली. वास परत येत असतां कोणास प्रथम काय आलें, हें आठवून पाहावें. बहुतेकांना एखाद्या सकाळीं शेजारच्या घरांतून आलेली चहाची किंवा फोडणीची एक ओझरती झुळूक आठवेल. त्या झुळुकेला दरवळ म्हणण्याइतकी ती मोठी नव्हती. पण तीच पुरेशी झाली.

असा हा शब्द आहे. मुलानें अभ्यासांत त्याचा अर्थ विचारला, तर कोश उघडण्यापूर्वीं पालकांनीं त्याला क्षणभर गच्चीवर किंवा अंगणांत न्यावें आणि डोळे मिटून उभें राहण्यास सांगावें. कोणता वास येतो, तो कोणत्या बाजूनें येतो, तेथें काय चाललें असेल आणि त्या वासाला मराठींत काय म्हणतात, हे चार प्रश्न त्याला विचारावे. शहरांत त्याला पेट्रोलचा दर्प येईल, भजीच्या कढईचा खमंग वास येईल, कोठें कचरा जळत असल्याची वार्ता येईल. फाल्गुनांत बाळापूरला उभा असेल तर हळद येईल. चारही प्रश्नांचीं उत्तरें त्यानें आपल्या भाषेंत दिलीं, म्हणजे इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याला कळला असें समजावें. मग वहींत त्यानें कोणताही प्रतिशब्द लिहिला तरी चिंता नाहीं.